एकाला ताण, दुसरीला पाणी

प्लास्टिकच्या कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याची ग्वाही फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात दिली, आणि तेव्हापासून या विषयावरची बहुतेक चर्चा हरितगृहांत गुलाब-जरबेरा पिकवणारे शेतकरी, त्यांना मिळणारा भाव आणि लग्नमंडपांची सजावट यांभोवतीच फिरत राहिली आहे. ती चर्चा आवश्यक आहे. परंतु पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या ढाणकीसारख्या गावात फुलांची रोजची गरज मंडपाची नसून देव्हाऱ्याची असते, आणि ती भागवण्यासाठी बाजार नव्हे तर अंगणातील दोन झुडपे पुरेशी आहेत. मोगरा आणि जास्वंद ही दोन्ही बहुवर्षायू झुडपे आहेत, म्हणजे एकदा लावली की अनेक वर्षे टिकून दरवर्षी फुलणारी आहेत. तरीही अनेक अंगणांत मोगरा नुसता पानांनी माजतो आणि जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात, याचे मुख्य कारण म्हणजे दोघांनाही एकाच नळीने, एकाच हिशेबाने पाणी दिले जाते.

ढाणकी ज्या उमरखेड तालुक्यात आहे, तेथील काळी कसदार जमीन कपाशीला मानवते, कारण तिच्यातील चिकणमाती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. हाच गुण अंगणातील झुडपांच्या मुळांवर उलटतो. पावसाळ्यात ही माती फुगून तिच्यातील हवेची पोकळी बुजते आणि मुळे गुदमरतात, तर उन्हाळ्यात ती आकसून तिला भेगा पडतात व बारीक तंतुमुळे तुटतात. म्हणून दोन्ही झाडांसाठी दीड फूट खोल खड्डा घेऊन त्यात मातीबरोबर नदीची वाळू व कुजलेले शेणखत मिसळणे आणि लागवड सभोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंचावर करणे हिताचे ठरते. दोघांनाही निदान पाच-सहा तासांचे ऊन लागते. त्यांच्या गरजांतील साम्य मात्र येथेच संपते.

मोगरा, वनस्पतिशास्त्रातील जस्मिनम सॅम्बॅक, हे मुळात विसाव्यानंतर बहरणारे झाड आहे. विदर्भातील संत्रा-बागायतदार आंबिया बहार धरण्यासाठी डिसेंबरात बागेचे पाणी तोडतात. या पाणी तोडण्याला ताण देणे म्हणतात, आणि त्यामुळे झाडाची शाकीय वाढ, म्हणजे पाने व फांद्यांची वाढ, थांबून फांद्यांत अन्नसाठा होतो. मोगऱ्यालाही याच शिस्तीची गरज असते, ही गोष्ट संत्र्याच्या मुलखात सहज पटावी. डिसेंबरात पाणी बंद करावे, पाने मलूल होऊन गळू लागली तरी घाबरू नये, आणि जानेवारीत झुडूप जमिनीपासून साधारण दीड फुटावर छाटावे. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येत असल्याने जुन्या फांद्या राखणे म्हणजे बहर घालवणे होय. छाटणीनंतर बुंध्याभोवतीची माती हलकी खणून, आठ-दहा किलो शेणखत देऊन पाणी पुन्हा सुरू केले की मार्चपासून कळ्या धरू लागतात आणि उन्हाळाभर टिकतात. भारी जमिनीत ओलावा लवकर हटत नाही, त्यामुळे ढाणकीत हा ताण हलक्या जमिनीपेक्षा अधिक दिवस द्यावा लागतो. कुंडीत मात्र थोड्याच दिवसांत माती कोरडी पडते, म्हणून तेथे पाने मलूल होताच ताण संपवावा.

या भागातील मोगऱ्याची दुसरी व्यथा पिवळेपणाची आहे. काळ्या जमिनीत चुनखडीचे प्रमाण अधिक असते आणि कूपनलिकेचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त असते. अशा अल्कधर्मी मातीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही. परिणामी कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते पाण्याच्या कमतरतेचे लक्षण समजून आणखी पाणी घातले की दुखणे बळावते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात विरघळवून महिन्यातून एकदा पानांवर फवारणे हा त्यावरील स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. मोरीचे साबणाचे पाणी आळ्यात सोडण्याची सवय मात्र मोडली पाहिजे, कारण त्यातील सोडियममुळे चिकणमाती आणखी घट्ट होते.

जास्वंदीचे सारे याच्या उलट आहे. तिचे फूल साधारणतः एकच दिवस टिकते, त्यामुळे वर्षभर फुले हवी असतील तर झाडाने सतत नवी पालवी व नव्या कळ्या काढत राहिले पाहिजे, आणि त्यासाठी तिला पाण्याचा खंड चालत नाही. मे महिन्यातील कडक उन्हात दोन दिवस आळे कोरडे राहिले तरी ती कळ्या टाकते. तिचे आळे पाचटाने किंवा वाळलेल्या पानांनी झाकावे, ओल कायम राखावी पण पाणी साचू देऊ नये, आणि थंडी ओसरल्यावर शेंडे हलके छाटावेत. मोगऱ्यासारखी तिची खोल छाटणी केली तर अनेक आठवडे एकही फूल मिळत नाही.

तिची खरी कसोटी मात्र पाण्यापेक्षा किडीत आहे. जास्वंद, कपाशी, भेंडी आणि अंबाडी ही एकाच, माल्व्हेसी कुळातील भावंडे असून त्यांच्या फुलांतील पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी ही त्या नात्याची ठळक खूण आहे. त्यामुळे कपाशीच्या जिल्ह्यात जास्वंद लावणे म्हणजे तुडतुडे, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांना बारमाही आसरा देणे आहे; शेतातील पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडे, निघाल्या की या किडी हिरव्या राहिलेल्या नातलगांकडे वळतात. अमेरिकेतून आलेल्या फेनाकॉकस सोलेनॉप्सिस या पिठ्या ढेकणाने २००५ नंतरच्या काही हंगामांत भारतातील कपाशीवर थैमान घातले, आणि अंगावरील मेणचट पांढऱ्या आवरणामुळे फवारे त्याच्यापर्यंत नीट पोहोचेनात. त्याला आवर घालण्यात मोठा वाटा उचलला तो जेमतेम दोन मिलिमीटरच्या एका गांधीलमाशीने. महंमद हयात यांनी २००९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि कीड व्यवस्थापनातील शास्त्रज्ञ ओ. एम. बंबावाले यांच्या गौरवार्थ तिला एनासियस बंबावालेई हे नाव दिले. पुढे ती एनासियस ॲरिझोनेन्सिस या आधीच ज्ञात असलेल्या जातीचीच असल्याचे ठरले. तिची मादी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते, आणि ढेकणाचे फुगलेले, कडक, तपकिरी कवच मागे उरते. या नि:शब्द कामगिरीची दखल गावोगावच्या फवारणीच्या सल्ल्यांत फारच क्वचित घेतली जाते, हे खेदाचे आहे.

म्हणून जास्वंदीच्या फांदीवर पांढऱ्या पुंजक्यांमध्ये तपकिरी कवचे दिसली तर ती किडीची नवी अवस्था समजून मारू नयेत. मदत आधीच पोहोचल्याची ती खूण असते. ढेकणांचा गोड स्राव मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, तेव्हा प्रथम मुंग्यांची वाट तोडावी, फारच ग्रस्त शेंडे कापून टाकावेत, पाण्याच्या जोरदार धारेने फांद्या धुवाव्यात आणि गरज उरल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू पाहिली तर एवढ्यावर भागते. मोगऱ्यावर मात्र कळ्या पोखरणारी अळी येते. जांभळट पडलेल्या कळ्या तोडून नष्ट करणे हा घरगुती झाडासाठी पुरेसा इलाज आहे.

ढाणकीच्या अंगणात एकाच झाडापुरती जागा असेल आणि पाणी दिवसाआड येत असेल, तर निवड मोगऱ्याची करावी. हिवाळ्यातील कोरडेपणाच त्याच्या उपयोगी पडतो आणि घरचे लोक गावी गेले तरी मुरलेले झाड तग धरते. जास्वंद त्या घराने लावावी, जेथे कोणीतरी रोज तिच्याजवळ जाणार आहे. दोन्ही लावायची असतील तर त्यांची आळी वेगळी, शक्य तितक्या अंतरावर ठेवावीत, नाहीतर एकीचे पाणी दुसऱ्याचा ताण मोडील. एक विनंती सर्वांनाच आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तीच जहाल औषधे शेतातून उरली म्हणून अंगणातील जास्वंदीवर मारू नयेत, कारण ते फूल लहान मुलांच्या हाती आणि तिथून तोंडातही जाते.