बोटीवरची पंगत

मे महिन्याचे दिवस होते. राजारामपुरीतल्या आण्णांच्या घरी बाहेरच्या खोलीत आंब्याची अढी लागली होती, आणि तिच्या शेजारीच दोन रिकाम्या बॅगा आ वासून पडल्या होत्या. आण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे चिरंजीव इंग्लंडात असतात. आईवडिलांनी एकदा तरी मोठ्या बोटीचा प्रवास करावा, म्हणून त्याने साउदॅम्प्टनहून नॉर्वेकडे जाणाऱ्या बोटीची सात रात्रींची तिकिटे काढली होती. तिकिटांबरोबर बोटीवरच्या रीतीभातींचे पत्रकही आले. समुद्रावरचे वादळ राहिले दूर. घरात वादळ उठले ते या पत्रकावरून!

सातांपैकी दोन रात्री "फॉर्मल", असे त्यात लिहिले होते. पुरुषांनी "ब्लॅक टाय", स्त्रियांनी संध्याकाळचा खास पोशाख. आण्णांनी लगबगीने कपाट उघडले, शाळातपासणीच्या दिवशी बांधायचा काळा टाय बाहेर काढला आणि म्हणाले, "हा बघ. आहे की आपल्याकडं!" तेव्हा चिरंजिवांनी फोनवरून खुलासा केला, की ब्लॅक टाय म्हणजे नुसता काळा टाय नव्हे, तो सबंध पोशाखच. चकचकीत सॅटिनच्या कॉलरचे काळे डिनर जॅकेट, पांढरा शर्ट आणि गळ्याशी फुलपाखरासारखा काळा बो. आण्णा एकदम गप्पच झाले.

वहिनींनी तर बॅगच मिटून टाकली. "भाऊजी, यांच्याबरोबर तुम्हीच जा. मला ते काटेचमचे जमायचे नाहीत. चारचौघांत आपलं हसं व्हायचं!"

मागच्या पायरीवर बसून आपल्या स्टीलच्या पेल्यातला चहा पिणाऱ्या, धुण्याभांड्याच्या मावशी तेवढ्या हसल्या. त्या पेल्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

आधी गेले त्यांची कथा

मी वहिनींना म्हटले, "या भीतीपायी बॅग मिटणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नव्हे. फार मोठी माणसे या वाटेने गेली आहेत."

आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. सुएझचा कालवा उघडून वर्षही झाले नव्हते. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानणारा तो काळ. महाराजांनी या प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत लिहिली, आणि ती १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. पण ती पाहायला महाराज राहिले नव्हते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी त्यांचा अंत झाला. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तिथे आजही छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. डोक्याला पगडी, अंगावर दागिने, असा आपल्या दरबारी वेशातला. जवळच्या पुलाला तिथले लोक "त्या हिंदी माणसाचा पूल" अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

दुसरे नाव डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे यजमान गोपाळराव हे पोस्टातल्या नोकरीमुळे काही काळ कोल्हापुरात होते, आणि पत्नीला अमेरिकेत शिकायला पाठवण्याबद्दलचा त्यांचा पत्रव्यवहार इथूनच सुरू झाला. १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून यजमानांशिवाय बोटीवर चढल्या, तेव्हा त्यांना अठरा वर्षे नुकतीच पुरी झाली होती. पोशाख आणि आहार बदलणार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भर सभेत सांगितले होते. पुढे तिकडच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडू लागले, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पण साडी सोडली नाही. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या, म्हणजे आजच्या सी. पी. आर. मधल्या, स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही केली होती. परंतु ती जागा घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आणि हसे होण्याची भीती म्हणाल, तर महात्मा गांधींची कथा ऐका. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. काटेचमचे कसे धरावेत ते ठाऊक नाही, आणि पुढ्यातल्या पदार्थांपैकी कशात मांस नाही हे वाढप्याला विचारण्याचा धीर नाही. तेव्हा जेवणाच्या टेबलाकडे ते फिरकलेच नाहीत. घरून नेलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खाल्ली. उतरण्याच्या दिवसासाठी पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे मोठ्या हौसेने राखून ठेवले होते. बंदराच्या धक्क्यावर पाहतात तो तसल्या कपड्यांत आपण एकटेच! ही सारी फजिती त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे.

इतका थाट कशासाठी?

वहिनींचा पुढचा प्रश्न रास्त होता. "जेवायला जेवणाएवढंच महत्त्व का नसावं? कपड्यांचा एवढा बाऊ कशाला?"

याचे मूळ जुन्या टपालबोटींत आहे. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने मुंबईहून विलायत गाठायला दोन-तीन आठवडे लागत. भोवती पाणी, करायला काम नाही. मग दिवसाला आकार आणण्यासाठी वेळापत्रक आले. सकाळी गरम सूप, दुपारी चहा, संध्याकाळी कपडे बदलण्याची सूचना देणारी घंटा किंवा बिगुल, आणि मग जेवण. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यातही पहिल्या वर्गाचे साहेब जॅकेट चढवून बसत. फार तर काळ्याऐवजी पांढरे घालीत. समुद्र खवळला, तर ताटल्या घसरू नयेत म्हणून टेबलाच्या कडांना लाकडी पट्ट्या लावीत, पण गळ्याचा बो काही सुटत नसे. कोण कोणत्या दर्जाचा, हे त्या कपड्यांवरून दिसले पाहिजे, हाही त्यातला एक हेतू होता. कप्तानाच्या टेबलावर बोलावणे येणे म्हणजे दरबारात मानाची खुर्ची मिळण्यासारखेच.

आपण ज्याला "पॉश" म्हणतो, तो शब्दही या बोटींवर जन्मला, असे सांगतात. जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची, म्हणजे कमी उन्हाची खोली मिळणाऱ्या बड्या लोकांच्या तिकिटावर त्या शब्दांची चार आद्याक्षरे मारीत, अशी ती कथा. गोष्ट झकास आहे. पण तसला शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही!

पुढे विमाने आली. १९६७ साली सुएझ कालवा बंद पडला, तो आठ वर्षे उघडला नाही, आणि बोटीने विलायतेला जाण्याचे युग संपले. आता बोटी निघतात त्या सहलीसाठी. बऱ्याच बोटींनी कपड्यांचे नियम सैल केले; पण क्यूनार्ड आणि पी अँड ओसारख्या जुन्या ब्रिटिश कंपन्यांनी सजून जेवायला बसण्याच्या रात्री अजून राखल्या आहेत.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे

ज्यांना जायचे असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून टाकतो.

डिनर जॅकेट नसेल, तर गडद रंगाचा सूट आणि टाय चालतो. आपला राष्ट्रीय पोशाखही मान्य असतो. बंद गळ्याचा कोट किंवा चांगली रेशमी साडी यांना कोणी नाक मुरडत नाही. सजण्याचा कंटाळा असेल, तर त्या रात्री दुसऱ्या साध्या भोजनगृहात खुशाल जेवावे. पहिल्या आणि शेवटच्या रात्री सहसा थाट नसतो, कारण तेव्हा सामान एक तर उघडलेले नसते, नाही तर बांधलेले असते.

टेबलावर काट्याचमच्यांची रांग पाहून घाबरू नये. बाहेरच्या बाजूने सुरुवात करावी आणि प्रत्येक पदार्थागणिक आत यावे. पावाची ताटली आपल्या डाव्या हाताची, पेला उजव्या हाताचा. पाव सुरीने कापू नये, हाताने मोडावा. सुपाचा चमचा आपल्यापासून पलीकडे न्यावा, आणि आवाज करू नये. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा भुरका मारण्याची हौस घरी येऊन पुरवावी. जेवण झाले, की सुरी आणि काटा शेजारी शेजारी ठेवावा, वाढपी ओळखतो. शाकाहारी असाल, तर तिकीट काढतानाच कळवावे.

वहिनींची खरी अडचण वेगळीच निघाली. "काटा डाव्या हातात? आणि डाव्या हातानं घास तोंडात घालायचा?" लहानपणी डावा हात ताटाला लागला, म्हणून त्यांनी आजीचा मार खाल्ला होता!

आपले नियम काय सोपे होते?

मी म्हटले, "वहिनी, एखाद्या परदेशी पाहुण्याला आपल्या जुन्या पंगतीत बसवा, म्हणजे कळेल." मीठ वरच्या बाजूला मधोमध. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. सोवळे नेसल्याशिवाय पाटावर बसायचे नाही. चित्राहुती घातल्याशिवाय घास घ्यायचा नाही. सारी पंगत उठेपर्यंत उठायचे नाही. साहेब आदर दाखवायला टोपी काढतो नि बूट ठेवतो. आपण जोडा काढीत असू आणि पागोटे ठेवीत असू. दोघेही एकमेकांना अडाणी समजत!

आणि चुकले तर नुसते हसू होत नसे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता. १९०२ साली राज्यारोहणाच्या समारंभासाठी जयपूरचे महाराज सबंध बोट भाड्याने घेऊन, चांदीच्या अजस्र घागरींतून गंगाजळ बरोबर नेऊन विलायतेला गेले. परक्याचे पाणी नको म्हणून!

त्याच समारंभाला आपले शाहू महाराजही गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एल्‌एल्‌. डी. ही पदवी दिली. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला, की संस्थानातल्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या लोकांना द्याव्यात.

पुढे महाराजांच्या पागेतला एक नोकर, गंगाराम कांबळे, याला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल इतर नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, आणि गंगारामला पैसे देऊन चहाचे दुकान घालून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करीत, मोठ्याने चहा मागवीत, स्वतः पीत आणि गाडीतल्या बड्या मंडळींनाही प्यायला लावीत. कोल्हापुरात ही गोष्ट आजही सांगतात. भोजनशिष्टाचाराची किती तरी पुस्तके असतील, पण त्या एका कपाएवढे कोणी शिकवलेले नाही.

एवढे बोलून मी थांबलो, कारण मला आमच्या लहानपणचे घर आठवले. परसात कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप उपडा घातलेला असे. गडीमाणसांना चहा त्यात. ते पिऊन झाल्यावर तो विसळून पुन्हा तिथेच ठेवीत. आमची आई मायाळू होती. कोणाला उपाशी जाऊ देत नसे. तरी तो कप घरातल्या कपांत कधी मिसळला नाही, आणि आम्ही भावंडांनीही त्याबद्दल कधी विचारले नाही. पंक्तिप्रपंच हा शब्द आपल्याच भाषेतला आहे.

मागच्या पायरीवरच्या स्टीलच्या पेल्याकडे त्या संध्याकाळी आम्ही तिघांनीही पाहिले नाही.

मग झाले काय?

शेवटी वहिनी गेल्या. आण्णांनी लक्ष्मीपुरीतल्या शिंप्याकडून बंद गळ्याचा काळा कोट शिवून घेतला आणि वर कोल्हापुरी फेटा बांधला. वहिनींनी आपली लग्नातली पैठणी काढली. आठ जणांच्या गोल टेबलावर आण्णांच्या उजव्या हाताला स्कॉटलंडचे एक वयस्क गृहस्थ होते, तेही आपल्या मुलखाचा चौकडीचा घागरा नेसून आलेले! फेट्याची आणि घागऱ्याची लगेच गट्टी जमली.

आणि गप्पांच्या भरात आण्णांनी पावाची ताटली उचलली ती उजवीकडची, म्हणजे त्या गृहस्थांची. वहिनींच्या पोटात धस्स झाले. पण म्हातारबुवांनी डोळ्याची पापणीही हलवली नाही. सावकाश आपल्या उजवीकडची ताटली ओढली. त्यांच्या शेजारणीने तिच्या उजवीकडची. असे करीत करीत चूक सगळे टेबल फिरून वहिनींपाशी आली. त्यांची डावीकडची ताटली तर गेलेली. मग त्यांनी उजवीकडे पाहिले. तिथे आण्णांची ताटली तशीच राहिलेली होती. त्यांनी ती ओढून घेतली, आणि पंगत पुरी झाली. कोणी उपाशी राहिले नाही, कोणी हसलेही नाही.

परवा मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. टेबलाशी चार कप मांडलेले, चारही एकाच संचातले. मी मोजले, आम्ही तर तिघेच. इतक्यात पदराला हात पुसत मावशी आल्या आणि सवयीने पायरीकडे निघाल्या. वहिनींनी खुर्ची ओढली. मावशी संकोचून अगदी कडेवर टेकल्या. बिस्किटांची ताटली कोणती घ्यावी, ते त्यांना कळेना.

"घ्या हो," वहिनी म्हणाल्या. "डावीकडची तुमची."