उन्हाळ्यातली वही : अकरावीच्या जीवशास्त्राची तयारी



दोन वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातली एक मुलगी दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवून अकरावी सायन्सला गेली. तिला नर्स व्हायचे होते. ऑगस्टमध्ये ती म्हणाली, "सर, मला आर्ट्सला जायचंय. बायोलॉजी कळत नाही." मी विचारले, "तंतुकणिका म्हणजे काय?" तिने न अडखळता सांगितले, "पेशीचं ऊर्जाकेंद्र." पण 'माइटोकॉन्ड्रिया' म्हणजे तेच, हे तिला कोणी सांगितले नव्हते. चूक आमचीच होती, आम्ही उशिरा विचारले. तिने शाखा बदलली आणि बी.एस्सी. नर्सिंगची वाट बंद झाली, कारण त्यासाठी बारावीला जीवशास्त्र लागतेच.

आपली मुले घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावी सायन्सला सारे एकदम इंग्रजीत येते. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा पेपर मराठीतही मिळतो आणि तिथे 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे असतात. पण त्याआधी अकरावीचा वर्ग पार पडायला हवा.

म्हणून आता दहावीची परीक्षा संपताच आम्ही प्रत्येकाला एक वही देतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायचा असतो, मे महिन्यात तेंदूपत्ता. मुलांना त्या कामातून काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. वहीत तीन रकाने असतात : घरचा शब्द, मराठी शब्द, इंग्रजी शब्द. आकी, पान, लीफ. पुंगार, फूल, फ्लॉवर. रोज पाच शब्द आणि एक आकृती, एवढेच.

मोह वेचताना मुले फूल उघडून पाहतात. खाली पडतो तो गोड, मांसल भाग म्हणजे दलपुंज, इंग्रजीत कोरोला. अंडाशय, म्हणजे ओव्हरी, झाडावरच राहते आणि तिचेच पुढे फळ होते. म्हणून पडलेला मोह वेचल्याने फळ कमी होत नाही. हे आजीला माहीत असते, मुलांना त्याचे पुस्तकातले नाव मिळते.

तेंदूचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलानोझायलॉन. ग्रीक भाषेत 'मेलानो' म्हणजे काळे, 'झायलॉन' म्हणजे लाकूड. जुन्या झाडाचा काळा गाभा पाहिलेले मूल हे नाव विसरत नाही. त्याच 'झायलॉन'वरून झायलेम, म्हणजे आपली जलवाहिनी. माइटोकॉन्ड्रियाचेही तसेच : 'मायटॉस' म्हणजे धागा, 'कॉन्ड्रिऑन' म्हणजे कण. तंतुकणिका हे त्याचे सरळ मराठी रूप. शब्द फोडला की त्याची भीती जाते.

तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर मुले दोन आठवडे वसतिगृहात येतात. ऊन फार असल्याने वर्ग सकाळी सात ते दहा. वहीतले शब्द घेऊन आम्ही पेशी, पेशीविभाजन आणि वर्गीकरण हे तीन पाठ इंग्रजी पुस्तकातून हळूहळू वाचतो. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, फक्त छापून घ्यावी लागतात.

या कामाला खर्च थोडा लागतो, माणसे मात्र हवीत. आपल्या मंडळीत कोणी निवृत्त परिचारिका किंवा विज्ञान शिक्षक असतील, तर त्यांनी जूनमधले दोन आठवडे आम्हाला द्यावेत. आणि त्या मुलीसाठी प्रार्थना करावी. यंदा वह्यांवर रेघा आखून देण्याचे काम तिनेच केले आहे.