घरात एकच रेझर? आधी तो वेगळा करा

वस्तीतल्या बऱ्याच घरांत मोरीच्या फळीवर एकच रेझर असतो. वडील त्याने दाढी करतात, कॉलेजला जाणारा मुलगाही करतो आणि घरातली बाई कुणाला न सांगता त्यानेच काखेतले केस काढते. पुढे खाज सुटली, पुळ्या आल्या की लाजेने कुणी बोलत नाही. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

अंगावरचे केस म्हणजे घाण नव्हे. रोज साबण-पाण्याने धुतले की पुरे. काढायचे की ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कापल्याने केस दाट येतात हा गैरसमज आहे. कापलेले टोक बोथट असते, म्हणून ते हाताला खरखरीत लागते.

केस काढायचे असतील तर एवढे पाळा :

• अंघोळीच्या शेवटी काढा. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजले की केस मऊ होतात. कोरड्या अंगावर ब्लेड फिरवू नका.

• लांब केस आधी कात्रीने कापा. मग अंगाच्या साबणाचा भरपूर फेस करा. कपड्यांचा साबण वापरू नका.

• केस वाढतात त्याच दिशेने, हलक्या हाताने रेझर फिरवा. काखेत केसांची दिशा जागोजागी बदलते, ती बघून घ्या. एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढू नका. मधूनमधून ब्लेड धुवा.

• साध्या पाण्याने धुऊन टॉवेलने टिपा, घासू नका. जंतुनाशक औषध किंवा सेंट लावू नका. त्या दिवशी सैल, सुती कपडे घाला.

• पाच-सात वेळा वापरलेले ब्लेड बदला. बोथट ब्लेडने कातडी सोलवटते. रेझर कोरड्या जागी ठेवा.

पुळ्या आल्याच तर फोडू नका. त्या बऱ्या होईपर्यंत केस काढणे थांबवा. पू, सूज, ताप असेल किंवा मधुमेह असेल तर दवाखान्यात जा. बाळंतपणाआधी किंवा ऑपरेशनआधी घरी ब्लेड लावू नका. बाळंतपणासाठी सरसकट केस काढू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

आता रेझरचे. ब्लेडने डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात आणि त्यातले रक्त पात्यावर राहते. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो. रेझर नुसता पाण्याखाली धरून तो जात नाही. कावीळ क सुद्धा अशीच पसरू शकते. म्हणून प्रत्येकाचा रेझर वेगळा हवा. ओळखीसाठी दांड्याला रंगीत दोरा बांधा. सलूनमध्ये नवे ब्लेड आपल्यासमोर उघडायला सांगा. श्रामणेर शिबिरात एका सकाळी कितीतरी जणांचे मुंडन होते. तिथे प्रत्येकासाठी नवे ब्लेड ठेवणे ही आयोजकांची जबाबदारी आहे.

वापरलेले ब्लेड कचऱ्यात उघडे टाकू नका. रिकाम्या डब्यात साठवा, डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि वर ‘ब्लेड’ असे लिहून सफाई कामगाराच्या हाती वेगळा द्या. तो कचरा हाताने वेचणारी माणसे आपल्याच घरांतली आहेत.