चिठ्ठीवरचे १-०-१ आणि रमजान

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे १-०-१ लिहिलेले असते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मधुमेहाच्या रुग्णाचे अकरा महिने या तीन आकड्यांवर निघतात. रमजान आला की मात्र आकड्यांचा अर्थ हरवतो. न्याहारी पहाटेच्या सहेरीत गेलेली असते, दुपारचे जेवण नसतेच आणि मुख्य खाणे सूर्यास्तानंतर इफ्तारला सुरू होते. मग घरोघरी आपापला अर्थ लावला जातो. कुणी सकाळची गोळी सोडतो, कुणी दोन्ही गोळ्या रात्री एकदम घेतो, तर कुणी महिनाभर औषधच बंद ठेवतो.

याची किंमत मोठी आहे. २००१ साली १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींची 'एपिडायर' नावाची पाहणी झाली. टाइप २ मधुमेह असलेल्या दर शंभरांपैकी ७९ जणांनी किमान १५ रोजे ठेवले होते. साखर एकदम उतरून रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रकार त्या महिन्यात साडेसात पट झाले. साखर अति वाढण्याचे प्रकारही वाढलेच.

वास्तविक धर्माने येथे वाट मोकळी ठेवली आहे. कुरआनच्या सूरह बकरामधील १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत. ज्याला ते कधीच झेपणार नाही, त्याने फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालावे. ही सवलत घेणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे.

ज्यांना डॉक्टर रोजा ठेवू देतात, त्यांनी रमजानच्या आधीच औषधांचे नवे वेळापत्रक मागून घ्यावे. दोन वेळची मेटफॉर्मिन साधारणपणे इफ्तार आणि सहेरीला जाते. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल, तर वेळेबरोबर मात्राही बदलावी लागू शकते. तो हिशेब घरी करायचा नसतो. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मगरिबच्या अजानची वाट पाहू नये.

हा प्रश्न एकट्या मोहल्ल्याचा नाही. नवरात्राचे नऊ दिवस, चातुर्मास, एकादशी. शेजारच्या घरातही उपवासाच्या दिवशी गोळीचे काय, हे कोडे असतेच. तिथे साबुदाण्याने साखर चढते आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीने उतरते.

आपले रिद्धपूर महानुभावांचे. म्हाइंभटांनी लीळाचरित्राच्या रूपाने मराठी गद्याचा पाया येथेच घातला आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही येथेच उभे राहते आहे. अशा गावच्या रुग्णाला आपले औषध आकड्यांत नव्हे, मराठीत कळायला हवे. म्हणून डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला एवढेच सांगा: "१-०-१ च्या शेजारी सहेरी आणि इफ्तार लिहून द्या." आणि घरात वाचू शकणारा जो असेल, मग तो शाळकरी नातू का असेना, त्याने ती चिठ्ठी दादी-नानीला मोठ्याने वाचून दाखवावी.