विश्लेषण : दगडाला मिठी मारणारे ‘फायकस’ बोन्साय कसे घडते?

किल्ल्याच्या तटबंदीतून किंवा जुन्या इमारतीच्या भिंतीतून उगवलेला वड, पिंपळ आपण नेहमी पाहतो. मुळे दगडावरून उतरत जमीन गाठतात. हेच दृश्य हातभर उंचीत साकारणाऱ्या बोन्साय शैलीला जपानीत ‘सेकिजोजू’ म्हणतात. ती बिघडते बहुधा एकाच कारणाने : घाईने.

फायकसच का?

वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सारे ‘फायकस’ गटातील वृक्ष. त्यांची मुळे उघड्यावर तग धरतात, फटीत शिरतात आणि एकमेकांना घट्ट टेकली तर कालांतराने जुळून एकजीव होतात. बोन्सायसाठी नांद्रुक विशेष सोयीचा, कारण त्याची पाने मुळातच लहान असतात. पिंपळही चालतो, पण त्याची पाने मोठी असल्याने प्रमाण साधणे अवघड जाते.

दगड कसा निवडावा?

खडबडीत, भेगा आणि खाचा असलेला. सह्याद्रीतला काळा पाषाण उत्तम. नदीतल्या गुळगुळीत गोट्यावर मुळे घसरतात, तर ठिसूळ दगड काही वर्षांत झिजतो.

मुळे दगडावर कशी बसवतात?

पावसाळ्याच्या तोंडावर लांब मुळांचे निरोगी रोप घ्यावे. माती धुऊन मुळे मोकळी करावीत आणि खोडाचा बुंधा दगडाच्या माथ्यावर टेकवावा. मुळे चारही बाजूंनी खाचांतून खाली सोडावीत. एकमेकांवर आडवी जाणारी मुळे सरळ करावीत किंवा कापावीत. मग सुतळीने किंवा कलमाच्या पट्टीने सारे आवळून बांधावे. मूळ आणि दगड यांत पोकळी राहिली, तर ती पुढे बुजत नाही. या कामात मुळे सुकू देऊ नयेत.

मग मातीत का पुरायचे?

हाच कळीचा टप्पा. उघड्यावर आलेले मूळ फार सावकाश जाड होते. ओलसर, अंधाऱ्या मातीत ते भराभर पोसते. म्हणून दगडासह रोप खोल कुंडीत बुंध्यापर्यंत पुरतात आणि साधारण २ वर्षे उकरून पाहत नाहीत. या काळात फांद्याही मोकळ्या वाढू द्याव्यात. वर पाने जितकी जास्त, तितकी खाली मुळे जाड.

माती कधी काढायची?

एकदम नाही. दर काही महिन्यांनी वरची २-३ सेंटिमीटर माती काढावी, म्हणजे उघड्या मुळांवर साल धरते. बांधलेली सुतळी मुळात रुतत असेल तर ती आधीच कापावी. दगडाच्या तळाशी भरपूर तंतुमुळे झाली की झाड उथळ ट्रेमध्ये हलवता येते.

पुढची निगा काय?

- फांदीला ६-८ पाने आली की २ ठेवून छाटावे. पांढरा चीक निघेल. तो पुसावा, त्वचेला लागू देऊ नये.
- वळण देण्यासाठी ॲल्युमिनियमची तार गुंडाळावी. ती सालीत रुतण्याआधी काढावी.
- कोवळी पाने दुमडू लागली तर आत फुलकिडे आहेत का ते पाहावे. अशी पाने तोडून टाकावीत.
- एप्रिल-मेमध्ये दगड तापतो आणि उघडी मुळे होरपळू शकतात. दुपारी सावली हवी. उथळ ट्रेला दिवसातून दोनदाही पाणी लागू शकते.
- साधारण २ वर्षांनी माती बदलावी. दगड मात्र हलवू नये.

तयार झाड घेताना काय पाहावे?

झाड हलके हलवून बघा. मूळ आणि दगड एकत्र हलले तर पकड खरी. मुळांखालून बोट आरपार जात असेल, किंवा ती डिंकाने वा सिमेंटने चिकटवलेली दिसत असतील, तर झाड नुसते दगडावर ठेवलेले आहे. त्यापेक्षा साधे रोप घेऊन येत्या पावसाळ्यात स्वतः बांधलेले बरे.