करुणेला क्रम असतो

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपूरच्या महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली. शहरातल्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. आमचं मनीषनगर त्यात नव्हतं. सकाळी दूध आलं, भाजीचा ठेला आला. पण राग इथंही पोचला होता, फोनमधून. ज्यांच्या गल्लीत एकही दगड पडला नव्हता, अशी चांगली माणसं सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या समाजाविषयी रात्रभर विखारी लिहीत होती. मला त्यांचा राग आला नाही, काळजी वाटली. त्या लिहिण्यात भीती होती, थकवा होता.

हा थकवा माझ्या ओळखीचा आहे. मी आयुष्यभर परिचारिका होते. नवी मुलगी वॉर्डात आली की प्रत्येक पेशंटबरोबर रडायची. बऱ्याचदा तीच पुढे सगळ्यांवर खेकसायची. लोक म्हणत, मन दगड झालं. मला वाटतं, तिला दुसऱ्याचं दुःख अंगावर घ्यायला शिकवलं होतं, स्वतःला सांभाळायला कोणी शिकवलंच नव्हतं.

जर्मनीत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी दुःख अंगावर घेणं आणि करुणा यांतला नेमका फरक तपासला. लोकांना आधी दुसऱ्याच्या वेदनेशी एकरूप व्हायला शिकवलं, तेव्हा त्यांचा स्वतःचा त्रास वाढला. मग करुणेचा सराव दिला, तेव्हा मनाला उभारी आली, आणि मेंदूतली वेगळी केंद्रं जागी झाली. पाचव्या शतकात श्रीलंकेत बसून ‘विशुद्धिमग्ग’ लिहिणाऱ्या आचार्य बुद्धघोषांना हे ठाऊक होतं. क्रूरता ही करुणेची दूरची वैरीण. जवळचा वैरी शोक, असं ते सांगतात. जवळचा अशासाठी, की तो करुणेसारखाच दिसतो.

त्यांनी मैत्रीभावनेचा, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या सरावाचा, क्रमही घालून दिला आहे. आधी स्वतः, मग आदराचं किंवा जिव्हाळ्याचं माणूस, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही असं कोणी, आणि शेवटी वैरी. मला सुख हवं आहे, दुःख नको आहे, हे आधी स्वतःत पाहायचं. मग समोरच्यालाही तेच हवं आहे, हे पटतं.

‘आधी स्वतः’ म्हटलं की आमच्या बायका बिचकतात. घरात सर्वांची ताटं झाल्यावर जेवणाऱ्यांना तो स्वार्थ वाटतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची मांडणी केली. स्वतःशी मायेनं वागणं, आपलं दुःख ही माणसाची सामाईक गोष्ट आहे हे जाणणं आणि ते न फुगवता, न दडपता पाहणं, असे तिचे तीन भाग. यात लाड कुठेच नाहीत.

आणि आपल्या शहराला हे नवं का वाटावं? १४ ऑक्टोबर १९५६ ला इथंच बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून आधी स्वतः बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग लाखोंना दिली. त्या वेळी त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा आहे आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचीही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना हीन ठरवलं गेलं, त्यांनी स्वतःला हीन मानणं नाकारलं. स्वतःवरची याहून मोठी करुणा मला माहीत नाही.

आता दुपारी आम्ही काही जणी मैत्रीभावनेच्या सरावाला एकत्र बसतो. तिसऱ्या पायरीसाठी, म्हणजे देणंघेणं नसलेल्या माणसासाठी, मी वॉचमन सुचवते. रोज गेट उघडणारा, पण ज्याचं गाव आपण कधी विचारलेलं नसतं असा. एकीनं खरंच विचारलं. आता त्याच्या मुलीच्या दहावीची चिंता आम्हा सगळ्यांना आहे.

वैऱ्याची पायरी अवघड. राग उसळला तर मागे फिरून पुन्हा आपल्या माणसापाशी या, असं बुद्धघोषच सांगतात. एक जण तडकून म्हणाली, “म्हणजे दगड मारणाऱ्यांना सोडून द्यायचं का, ताई?” मुळीच नाही. खटला चालू दे, गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षाही होऊ दे. पण ज्यानं दगड उचलला नाही, त्याच्या दुकानातून सामान आणणं आपण का बंद करायचं?