मदत कोणाच्या दारापर्यंत?

उत्तर नागपुरात इंदोऱ्याला लागून जरीपटका आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तेथे स्थायिक झाले. तेथील बाजारात आपण सारेच जातो. परंतु घरदार गमावलेल्या माणसाला मदत मिळते ती कशी, याचा विचार सहसा करीत नाही. विद्यार्थ्यांनी तो करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

युद्ध असो की दंगल, मदतकार्याचे टप्पे बहुधा सारखेच असतात. प्रथम आसरा, म्हणजे छावणी. तेथे नावनोंदणी होते आणि त्या नोंदीवर धान्य, कपडे, औषधपाणी मिळते. शेवटी माणूस आपल्या गावी परततो किंवा नव्या जागी त्याचे पुनर्वसन होते. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी लोक भारतात आले. त्यांच्या खर्चासाठी पत्रावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. युद्ध संपल्यावर फेब्रुवारी १९७२ अखेरपर्यंत त्यांतील ९० लाखांहून अधिक लोक परतले. निघताना त्यांना वाटेचे जेवण आणि दोन आठवड्यांचा शिधा दिला गेला. परतणाऱ्याचे घर जळालेले आणि शेत ओसाड असते. म्हणून मदत सीमेवरच थांबवून चालत नाही.

पण जो छावणीत शिरूच शकत नाही, त्याचे काय? हा प्रश्न प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री असताना विचारला. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्य बांधवांना त्यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये भारतात येण्याचे आवाहन केले होते. सफाईसारखी कामे अडतील म्हणून तेथील सरकार त्यांना सोडत नव्हते. जे आले, त्यांची येथे वेगळीच कोंडी झाली. डिसेंबर १९४७ मध्ये पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी ती मांडली. छावणीतील अधिकारी सवर्ण व अस्पृश्य निर्वासितांत भेदभाव करतात, म्हणून आमचे लोक छावणीत राहत नाहीत. आणि नियम असा की, शिधा-कपडे फक्त छावणीत राहणाऱ्यालाच. पूर्व पंजाबात तर कायद्याने ते ‘शेतकरी’ जातींत मोडत नसल्यामुळे जमीनही मिळत नव्हती.

येथे नीट लक्ष द्यावे. नियमात जातीचे नाव कोठेही नव्हते. वरवर तो सर्वांना सारखाच होता; तरी नेमका सर्वांत गरजू माणूस त्यातून सुटत होता.

आम्ही बँकेच्या खिडकीशी बसणारी माणसे. कागद अपुरा आहे म्हणून रांगेतून मुकाट्याने परतणारा माणूस आम्ही पाहतो. त्याचे नाव कोणत्याही वहीत चढत नाही, म्हणून त्याची तक्रारही कोठे दिसत नाही. निर्वासिताचे तर सारे कागद मागेच राहिलेले असतात.

आपली संस्था उद्या पूरग्रस्तांसाठी वा आगीत घर गेलेल्यांसाठी धान्य गोळा करील, तेव्हा यादी तेवढी वाचून थांबू नये. यादीत कोण नाही, हे वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत जाऊन विचारावे. विद्यार्थ्यांनी वही-पेन घेऊन या कामात पुढे यावे. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याचा अर्ज लिहून देणे हेही दानच आहे. करुणा मनात असून भागत नाही. ती पायी चालत त्या माणसाच्या दारापर्यंत गेली पाहिजे.